वाऱ्याच्या दिशेप्रमाणे विंडसर्फिंगसाठी लाटांच्या जागा कशा शोधाव्यात?

तुमचा प्रश्न असा: सपाट पाण्यावर दोन मोसम झाले, बोर्ड सहज प्लेन होतो (पाण्यावर उचलून सरकतो), हार्नेस (शिडाला अडकवायचा कमरपट्टा) आणि फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) अंगवळणी पडलेत, आता लाटांत उतरायचंय. अंदाजात ‘नैर्ऋत्य, 22 नॉट’ दिसलं तर कोणता किनारा धरायचा, ‘वायव्य’ दिसलं तर कोणता, हे ठरवायचं कसं?

आधी कोन बघा, वेग नंतर. वारा पाच नॉट कमी पडला तर फार तर शीड एका मापाने मोठं लावावं लागतं. तोच वारा तीस अंश फिरला तर चांगली जागा त्या दिवसापुरती बाद होते आणि पलीकडची, कोणाच्या तोंडी नाव नसलेली जागा सुरू होते. बहुतेक जण गाजलेल्या जागेचं नाव धरून बसतात आणि तिथे वारा जुळायची वाट पाहतात. मी वाऱ्यापासून सुरुवात करतो आणि त्याला जुळणारा किनारा नकाशावर शोधतो. लाटांत मिळणारे दिवस त्याने कितीतरी वाढतात.

वाळूवर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा छातीवर आला तर ऑनशोअर, पाठीवर आला तर ऑफशोअर, थेट कानावर आला तर साइडशोअर. कान आणि छाती यांच्या मधला तो साइड-ऑन, कान आणि पाठ यांच्या मधला साइड-ऑफ. डावीकडून की उजवीकडून, हेही लिहून ठेवा. वारा डावीकडून असेल तर बाहेर जाताना डावा हात पुढे असतो, उड्या त्याच बाजूच्या होतात आणि लाटेवरून परतताना उजवा हात पुढे येतो. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, म्हणून सारख्याच लाटा एका किनाऱ्यावर सोप्या आणि दुसऱ्यावर अवघड वाटतात.

हेच अंशांत मांडलं की नकाशावर काम होतं. समजा किनाऱ्याची रेघ 200 अंशांकडून 20 अंशांकडे जाते आणि समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे किनारा 290 अंशांकडे तोंड करून आहे. 200 अंशांवरून येणारा वारा डावीकडून अगदी साइडशोअर, 20 अंशांवरून येणारा उजवीकडून साइडशोअर. मी प्रत्येक बाजूला समुद्राकडे चाळीस अंश आणि जमिनीकडे वीस अंश एवढी सवलत देतो. मग हा किनारा डावीकडून 180 ते 240 आणि उजवीकडून 340 ते 40 या वाऱ्यांना चालतो. 240 ते 340 ऑनशोअर, 40 ते 180 ऑफशोअर. दोन्ही सोडून द्यायचे. तुमच्या आवाक्यातल्या प्रत्येक किनाऱ्याचे असे दोन पट्टे काढून एका कागदावर गोल होकायंत्राभोवती रंगवा. कोणत्या वाऱ्याला तुमच्याकडे जागाच नाही, हे त्या चित्रात लगेच दिसतं, आणि शोध नेमका तिथे घ्यायचा असतो. ॲपमध्ये बाण वारा जातो त्या दिशेला टोक करून असतो, तर दिशेचं नाव तो येतो तिकडचं असतं. स्वेलच्या, म्हणजे दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांच्या, बाणाचंही हेच. ही गल्लत झाली तर सगळा हिशोब 180 अंशांनी उलटा होतो.

आता या पट्ट्यांमध्ये फरक काय ते. लाटेवरून उतरत जाण्याची खरी मजा साइडशोअर आणि थोड्या साइड-ऑफ वाऱ्यात आहे. वारा लाटेच्या तोंडाला खालून वर धरून ठेवतो, लाट उभी आणि गुळगुळीत राहते, फुटायला उशीर करते. शिडावरचा जोर हलका वाटतो, कारण लाटेवर तुम्ही वाऱ्याबरोबरच खाली पळत असता. अशा वेळी लाटेच्या पायथ्याशी वळून पुन्हा माथ्यावर आपटायला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. उड्यांसाठी साइडशोअर किंवा किंचित साइड-ऑन उत्तम, कारण बाहेर जाताना भरपूर वेग घेऊन उभ्या लाटेवर जाता येतं. वारा तीस-चाळीस अंश साइड-ऑन झाला की लाटा एकामागून एक, चुरगळलेल्या येतात आणि फेसातून बाहेर पडण्यातच दम जातो. तरीही मी त्याला नावं ठेवणार नाही. जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर वर्षातले बहुतेक दिवस असेच असतात, आणि ज्याला साइड-ऑनमध्ये लाट घेता आली त्याला पुढे कुठेही अडत नाही. शिवाय काही मोडलं तर वारा तुम्हाला वाळूवर आणून सोडतो.

ऑफशोअरची गोष्ट उलटी. वरून पाहता समुद्र काचेसारखा, लाटा देखण्या. पण वारा जमिनीवरून येतो म्हणून फाटलेला असतो, कडेला पडलेला आणि बाहेर जोरदार. मास्ट (शिडाचा खांब) तुटला तर वारा तुम्हाला खुल्या समुद्राकडे नेतो. वीस अंशांपुढे साइड-ऑफ गेलं की मी सोबत बोट असल्याशिवाय उतरत नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

कोनाचं हे गणित वाळूशी मोजलेलं आहे. खरा कोन लाटेच्या तोंडाशी असतो. भूशिरापाशी लाट वळून येते, तिची रेघ किनाऱ्याशी समांतर राहत नाही, त्यामुळे वाळूवर साइड-ऑफ वाटणारा वारा त्या लाटेला साइडशोअर असू शकतो आणि उलटंही. उपग्रहचित्रावर लाटेच्या रेघा दिसत असतील तर त्यांच्यावरच कोनमापक ठेवा.

लाट कुठून येते, हा प्रश्न वाऱ्यापासून वेगळा ठेवा. लाटा दोन प्रकारच्या. एक, इथल्याच वाऱ्याने उठवलेल्या: चार ते सात सेकंदांच्या (म्हणजे एकीमागून दुसरी यायला लागणारा वेळ, कालावधी), आखूड, वाऱ्याच्याच दिशेच्या. दुसरी स्वेल, हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेली, दहा-पंधरा सेकंदांची, इथल्या वाऱ्याशी काही संबंध नसलेली. हवाईतल्या माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं होओकिपा का गाजलं, ते इथे कळतं. व्यापारी वारा पूर्व-ईशान्येकडून, समुद्राकडे पाहताना उजवीकडून. हिवाळ्यातली स्वेल उत्तर पॅसिफिकच्या वादळांतून वायव्येकडून. दोघं वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका रीफवर (पाण्याखालच्या खडकावर) भेटतात. उन्हाळ्यात तिथे वारा असतो, पण मोठ्या लाटा क्वचितच.

स्पेनच्या ग्रान कानारिया बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचं पोसो इस्किएर्डो याच्या अगदी उलट. उन्हाळ्यात उत्तर-ईशान्येचा व्यापारी वारा बेटाच्या कडेने दाबला जाऊन तिथे प्रचंड जोरात येतो, डावीकडून. लाट बहुतांशी त्याच वाऱ्याने उठवलेली, आखूड आणि उभी. लांब सवारी फार मिळत नाही, पण उड्यांसाठी त्या जागेला तोड नाही. जागा ‘चांगली’ आहे असं कोणी सांगितलं तर कशासाठी, हे विचारा. पोसो आणि होओकिपा या दोन पूर्णपणे वेगळ्या गरजा भागवतात.

स्वेलचा कालावधी बघण्याचं कारण तळाशी आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे कालावधीचा वर्ग गुणिले 1.56 मीटर. आठ सेकंदांची लाट साधारण 100 मीटर लांब, चौदा सेकंदांची 305 मीटरच्या आसपास. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे पहिलीला पन्नास मीटरवर, दुसरीला दीडशे मीटरवर. म्हणूनच लांब कालावधीची स्वेल भूशिराला वळसा घालून आत शिरते आणि आखूड लाट सरळ पुढे निघून जाते. एखाद्या उपसागराच्या आत लाट पोहोचेल का, याचं उत्तर उंचीपेक्षा कालावधीत असतं. 1.2 मीटर, 14 सेकंद हा अंदाज 2 मीटर, 7 सेकंदांपेक्षा आतल्या जागेला कितीतरी चांगला.

लाट कोणत्या बाजूला सोलत जाते, हेही वाऱ्याशी जुळायला हवं. फुटलेला भाग वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा येतो तिकडे) आणि न फुटलेली उतरंड वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जातो तिकडे) असेल तर तुम्ही वाऱ्याबरोबर उतरंडीकडे पळत वळणं घेऊ शकता. केप व्हर्देमधल्या साल बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंता प्रेता आहे. तिथे वारा ईशान्येचा, उजवीकडून आणि साइड-ऑफ, आणि लाट उजवी, म्हणजे लाटेवरून किनाऱ्याकडे पाहताना उजवीकडे सोलत जाणारी. पेरूमधल्या पाकास्मायोला दक्षिणेकडचा वारा डावीकडून आणि लांबच लांब डावी लाट. दोन्ही जागी वारा आणि लाट एकाच दिशेला धावतात. उलट जुळणी असेल तर लाटेला पाठ देऊन वळावं लागतं. तेही करता येतं, पण त्यासाठी मी लांबचा प्रवास करणार नाही. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर ढोबळ नियम असा: स्वेल वारा येतो त्याच बाजूने तिरकी आली तर लाट वाऱ्याच्या दिशेने सोलते, अगदी समोरून आली तर सगळी रेघ एकदम कोसळते आणि हाती काही लागत नाही. रीफवर मात्र तळाचा आकार काय तो ठरवतो.

आता भूशिरांबद्दल जरा सविस्तर, कारण शोधातला सगळ्यात श्रीमंत भाग तोच. पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा घ्या, त्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात घुसलेलं भूशिर, वारा दक्षिणेचा, स्वेल नैर्ऋत्येची. स्वेल टोकाला वळसा घालते आणि टोकापासून उत्तरेकडे सोलत येते. दक्षिणेच्या वाऱ्याला हवी तशी डावी लाट. अडचण एकच. सगळ्यात सुबक लाट जिथे आहे तिथेच भूशिराचा आडोसा आहे. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या किमान वीसपट अंतरापर्यंत वारा फाटलेला राहतो, म्हणजे पन्नास मीटरच्या कड्यामागे एक किलोमीटर. मग तुम्ही लाटेच्या पायथ्याशी उभे राहता आणि शिडात काहीच नसतं.

म्हणून मी नकाशावर बुटकी भूशिरं शोधतो: वाळूचे दांडे, लाव्हाचे सपाट खडक, झाडं नसलेली टोकं. साल बेट सपाट आणि उजाड आहे, म्हणून तिथे वारा सगळं बेट ओलांडूनही वापरण्याजोगा पोहोचतो. उंच भूशिर असेल तर त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला सरकत जायचं, लाट थोडी लहान झाली तरी चालेल, जिथे पाण्यावरच्या सुरकुत्या एकसारख्या होतात तिथपर्यंत. उंच टोकाला वळसा घालताना वारा दाबला जातो, त्यामुळे टोकाच्या अगदी बाहेर तो अंदाजापेक्षा जास्त असतो हेही ध्यानात ठेवा. आणि समोर उंच कडा असलेल्या किनाऱ्यावर साइड-ऑन वारा कड्याआधीच वर उचलला जातो; किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, म्हणजे नेमकं लाट फुटते तिथे, पोकळी राहते.

उपग्रहचित्र कसं वाचावं, याचं एक उदाहरण. किनारा एवढा मोठा करा की लाटांच्या रेघा मोजता येतील. पांढरा फेस वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत एकाच ठिकाणी दिसला तर तिथे रीफ किंवा कायमचा दांडा आहे. चित्रागणिक फेसाची जागा बदलत असेल तर तळ वाळूचा आणि सरकणारा. फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये गडद, शांत पाण्याची फट दिसली तर ती वाट आहे. तिथून पाणी परत बाहेर जातं आणि तिथूनच तुम्हाला फार मार न खाता बाहेर पडता येईल. मग खुल्या पाण्याकडे बघा. पांढरे तुषार आणि त्यांच्या मागच्या रेघा त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा सांगतात, आणि जिथे या रेघा संपून पाणी मळकट-गुळगुळीत दिसतं तिथे आडोसा सुरू होतो. जमिनीवर एका बाजूला वाकलेली झुडपं आणि वाळूच्या टेकड्यांचा कल नेहमीचा वारा कुठून वाहतो ते सांगतात. मी तर नव्या प्रदेशात पोहोचलो की आधी झाडं बघतो. अनेक वर्षांच्या वाऱ्याची ती नोंद असते. याबरोबर सागरी नकाशावरची खोली जोडा. दोन मीटरची लाट साधारण अडीच मीटर खोलीवर फुटते, म्हणजे ती कुठे फुटेल त्याची रेघ तुम्हाला घरबसल्या काढता येते.

वाऱ्याच्या अंदाजाचं कसं? विंडगुरू, विंडीसारख्या संकेतस्थळांवर जे आकडे दिसतात ते संगणकी हवामान मॉडेलमधून येतात. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) जागतिक मॉडेलची जाळी, म्हणजे हिशोबाच्या दोन बिंदूंमधलं अंतर, साधारण 9 किलोमीटरची, अमेरिकेच्या जीएफएसची 13 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या जाळीला तुमचं भूशिर दिसतच नाही. फ्रान्सच्या अरोमसारखं 1.3 किलोमीटरचं मॉडेल त्या भागासाठी असेल तर दिशेसाठी ते धरा. आतल्या विमानतळावरची नोंद जशीच्या तशी घेऊ नका. जमिनीवर घर्षण जास्त, त्यामुळे समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा तिथली दिशा फिरलेली असते, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट, आणि फरक सहज वीस अंशांचा निघतो. वर दिलेल्या पट्ट्यांच्या हिशोबात वीस अंश म्हणजे चांगला दिवस आणि वाया गेलेला दिवस यांतला फरक.

दिवसभरात वारा फिरतो, तोही ठरावीक पद्धतीने. खारे वारे सुरू होताना सरळ समुद्रावरून येतात आणि दुपार चढेल तसे उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतात. त्यामुळे दक्षिण गोलार्धात पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर ते दक्षिणेकडे सरकून डावीकडून साइडशोअर होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्टनची उन्हाळी दुपार अशीच असते, आणि हिंदी महासागराची स्वेल तर असतेच. उत्तर गोलार्धातल्या पश्चिम किनाऱ्यावर तेच उजवीकडून होतं. म्हणजे सकाळी अकराला ऑनशोअर दिसला म्हणून परत फिरू नका. चारला तीच जागा जुळलेली असू शकते. वादळी हवामानात उत्तर गोलार्धात शीत आघाडी सरकताना वारा नैर्ऋत्येकडून पश्चिमेला आणि मग वायव्येला जातो. अशा दिवसासाठी मी दोन किनारे ठरवून निघतो, सकाळचा एक आणि आघाडी गेल्यावरचा दुसरा. डेन्मार्कच्या क्लिटमोलर परिसराचं बळ हेच आहे. जवळच हान्स्टहोमपाशी किनारा वळतो, त्यामुळे वारा फिरला की लोक थोडंसं अंतर जाऊन पुन्हा पाण्यात असतात.

सहलीसाठी जागा निवडायची असेल आणि वाऱ्याची खात्री नसेल तर असाच वळणारा किनारा निवडा. आयर्लंडमधला ब्रँडन बे घोड्याच्या नालासारखा आहे. वारा बदलला की नालावर पुढे सरकायचं. स्कॉटलंडजवळचं टायरी हे छोटं, बुटकं बेट, चारही बाजूंनी किनारे असलेलं. याउलट व्यापारी वाऱ्याच्या प्रदेशात दिशा इतकी पक्की असते की एक जागा नीट निवडली की काम झालं.

भरती-ओहोटीचं थोडक्यात: रीफ असेल तर पूर्ण ओहोटीला पाणी उथळ आणि फिन (बोर्डाखालचं पातं) खडकावर, पूर्ण भरतीला लाट मऊ. मधला काळ बहुधा चांगला, आणि उधाणाच्या दिवसांत तो काळ आखूड असतो. प्रवाह वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर लाटा उभ्या आणि तुटक होतात, वाऱ्याबरोबर असेल तर वारा येतो त्या बाजूला वर चढणं अवघड जातं.

जागेवर पोहोचल्यावर शीड लावण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटांचा गट दर किती वेळाने येतो, तो कुठे फुटतो, मधल्या शांततेत बाहेर पडायला किती वेळ मिळतो. फेसाचा एखादा तुकडा नजरेने धरा आणि तो किनाऱ्याला समांतर किती वेगाने वाहतो ते बघा. पाण्याला ओढ आहे की नाही ते त्यावरून कळतं. मग वाऱ्याच्या खालच्या बाजूला चालत जा. सामान मोडलं तर तुम्ही तिथे वाहत येणार आहात. तिथे वाळू असेल तर ठीक. खडक, बंदराची भिंत किंवा नदीचं मुख असेल तर कोन कितीही जुळलेला असो, ती जागा तुमच्यासाठी अजून नाही. स्थानिक सर्फर लाटेवर असतील तर त्यांच्यापासून लांब राहा, आणि फेसातून बाहेर जाणाऱ्याला वाट द्या.

तुम्ही सपाट पाण्यावरून येताय, म्हणून पहिल्या काही दिवसांसाठी माझी निवड स्पष्ट आहे. वाळूचा तळ, कमरेएवढी लाट, 18 ते 22 नॉट, आणि तुमच्या पक्क्या बाजूने येणारा, वीस-पंचवीस अंश साइड-ऑन वारा. लाट देखणी नसेल, पण चुकलात तर वाळूवर याल आणि पुन्हा निघाल. बाहेर जाणं आणि फेसात बोर्ड सोडवणं हाताला बसलं की कागदावरच्या त्याच होकायंत्रावर दहा-दहा अंशांनी साइडशोअरकडे सरका.